ठिणगी दुबळी कां पडते?



पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राचा प्राण कशांत असतो, असा प्रश्न मी वर्गांत विचारीत असें, तेव्हां निम्मे विद्यार्थी ‘पेट्रोलमध्यें’ म्हणत आणि उरलेले ‘हवेंत’ म्हणत. दोन्ही उत्तरें खरीं, पण अपुरीं. हवा व पेट्रोल यांचें मिश्रण सिलिंडरमध्यें कितीहि नीट भरलें, तरी नेमक्या क्षणीं तेथें एक ठिणगी पडल्यावांचून तें पेटत नाहीं. ही ठिणगी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फटींत पडते, आणि मिनिटाला सहा हजार फेरे घेणाऱ्या टू-स्ट्रोक यंत्रांत ती एका सेकंदांत शंभर वेळां पडावी लागते. ती दुबळी झाली म्हणजे काय होतें, आणि ती दुबळी कां झाली हें घरच्या घरीं कसें शोधावें, एवढाच आजचा विषय आहे. त्यांतहि ज्या जुन्या मोटारसायकलींत ठिणगीची व्यवस्था इलेक्ट्रॉनिक आहे, त्यांचाच मुख्यतः विचार करावयाचा आहे.

हा विषय आपल्या छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादला, परका नाहीं. १९८५ सालीं वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि पुढच्याच वर्षीं जपानच्या कावासाकी कंपनीच्या सहकार्यानें तयार झालेली केबी १०० ही गाडी बाजारांत आली. त्याच सुमारास यामाहा आरएक्स १०० हीहि आली. ज्या घरांत तोंवर सायकलच होती, अशा कित्येक घरांच्या अंगणांत त्या दशकांत पहिली मोटारसायकल उभी राहिली. त्यांपैकीं पुष्कळ गाड्या आज जिन्याखालीं किंवा पत्र्याच्या शेडमध्यें धूळ खात पडल्या आहेत, आणि आतां नातवंडें त्या बाहेर काढूं लागलीं आहेत. त्यांना हौसेनें ‘व्हिंटेज’ म्हणतात. कायद्याच्या दृष्टीनें तें बरोबर नाहीं. केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमाप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेल्या वाहनालाच तें नांव मिळतें, म्हणजे १९८६ सालच्या गाडीला २०३६ पर्यंत थांबावें लागेल. पण नातवंडांच्या उत्साहापुढें नियमाचें काय चालतें!

अशी गाडी बाहेर काढली कीं पहिलें विघ्न बहुधा ठिणगीचेंच येतें. कारागीर दोनचार किका मारून म्हणतो, ‘काका, करंट कमी येतोय, सी.डी.आय. गेला असेल.’ सी.डी.आय. म्हणजे एक काळी, सीलबंद डबी. ती बदलली जाते. गाडी चार दिवस चालते, पुन्हां बंद पडते. मग दुसरी डबी, मग कॉइल, मग सगळें मॅग्नेटच; आणि घरांतलीं माणसें वैतागलीं म्हणजे भंगारवाला. ज्या गाडीवर वडील वीस वर्षें कामाला गेले, ती अशी वजनावर विकली जाते. मला सांगावयाचें आहे तें इतकेंच, कीं या डबीवर जितका आळ येतो तितकी ती दोषी नसते. ती उघडून पाहतां येत नाहीं, म्हणूनच तिच्या माथीं खापर फोडणें सोपें जातें.

प्रथम एका शब्दाचा निकाल लावूं. कारागीर ‘करंट’ म्हणतात, परंतु प्लगच्या फटीपुढें पहिला प्रश्न असतो तो दाबाचा, म्हणजे व्होल्टेजचा. हवा ही विजेची वाहक नव्हे. तिच्यांतून ठिणगी जावयाची तर तिचा विरोध मोडण्याइतका दाब लागतो. साध्या हवेंत दर मिलिमीटरला अदमासें तीन हजार व्होल्ट. फट पार झाली म्हणजे मग प्रश्न येतो तो ऊर्जेचा. त्या ठिणगींत मिश्रण पेटविण्याइतकी धग आहे कीं नाहीं याचा. दाब आणि धग या दोहोंपैकीं एक जरी उणें पडलें, तरी आपण त्याला ‘दुबळी ठिणगी’ असें एकच नांव देतों.

हा दाब निर्माण करण्याची जुनी रीति १८३१ सालीं फॅरडेनें शोधलेल्या तत्त्वावर आधारलेली आहे. तारेच्या वेटोळ्यांतून वाहणारा प्रवाह एकाएकीं तोडला, कीं शेजारच्या पुष्कळ जास्त वेढ्यांच्या वेटोळ्यांत मोठा दाब उसळतो. जर्मनींतील बॉश कंपनीचा उच्च दाबाचा मॅग्नेटो १९०२ सालीं निघाला. पुढें कित्येक दशकें प्रवाह तोडण्याचें हें काम ‘पॉइंट’ नांवाच्या धातूच्या दोन लहान टिकल्या करीत राहिल्या. माझ्या पिढीला त्या पॉलिशपेपरनें घासण्याचा चांगलाच सराव आहे. टिकल्या झिजत, जळत, त्यांवर तेल चढे. म्हणून त्यांची गच्छंति करण्याची खटपट चालूच होती. १९५७ सालीं थायरिस्टर नांवाची, स्वतः न हलणारी अशी विजेची झडप तयार झाली. आणि १९६९ सालीं कावासाकीनें आपल्या ५०० सी.सी.च्या एच-१ या टू-स्ट्रोक गाडींत पॉइंट काढून टाकून इलेक्ट्रॉनिक व्यवस्था बसविली. टू-स्ट्रोक यंत्रांत पेट्रोलबरोबर तेलहि जळतें आणि प्लगवर काजळी धरते. अशा काजळलेल्या प्लगवरहि ठिणगी पडावी, हा त्यांतील एक मोठा लाभ होता.

या नव्या रीतीच्या लांबलचक नांवाचीं आद्याक्षरें घेऊन तिला सी.डी.आय. म्हणतात. तिचें मर्म समजावयास एक उपमा पुरे. जुनी रीति म्हणजे पाटांतलें वाहतें पाणी एकाएकीं अडवून त्याचा धक्का वापरणें. नवी रीति म्हणजे घागर काठोकाठ भरून ठेवणें आणि वेळ येतांच ती एकदम पालथी करणें. यंत्राबरोबर फिरणारें एक जड चाक असतें, त्याच्या आंतल्या बाजूस चुंबक बसविलेले असतात. कारागीर त्या सगळ्या चाकालाच ‘मॅग्नेट’ म्हणतात. या चुंबकांसमोर एक स्थिर वेटोळें असतें. त्याला सोर्स कॉइल म्हणतात. चाक फिरलें कीं तिच्यांत शंभरापासून तीन-चारशें व्होल्टपर्यंत दाब निर्माण होतो आणि तो काळ्या डबींतील कंडेन्सरमध्यें सांठतो. हीच आपली घागर. दुसरें एक लहानसें वेटोळें, पल्सर किंवा पिकअप कॉइल, नेमक्या क्षणीं इशारा देतें. डबींतला थायरिस्टर उघडतो, आणि घागर टाकीखालच्या इग्निशन कॉइलमध्यें रिती होते. ती कॉइल त्या दाबाचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते आणि जाड वेष्टणाच्या तारेनें प्लगपर्यंत पोंचविते. हा सारा प्रपंच बॅटरीवांचून चालतो, हें विशेष. म्हणून अशा गाड्या बॅटरी पार मेलेली असतांनाहि धांवतात, आणि नवी बॅटरी घातल्यानें त्यांची ठिणगी सुधारत नाहीं.

आतां थोडा हिशेब. कंडेन्सर साधारण एक मायक्रोफॅरडचा धरूं. तो ३०० व्होल्टला भरला तर त्यांत ०.०४५ ज्यूल ऊर्जा सांठते. ही किती? एक तोळा वजनाची गोटी सुमारें ४० सेंटिमीटर उंचीवरून पडून जितकी आपटेल, तितकी. एवढ्याशा धगीवर सारी गाडी चालते! पण ध्यानांत ठेवण्याची गोष्ट पुढेंच आहे. ही ऊर्जा दाबाच्या वर्गाप्रमाणें बदलते. दाब ३०० वरून १५० वर आला तर ऊर्जा अर्धी न होतां पाव होते, म्हणजे ०.०११ ज्यूल. म्हणून सोर्स कॉइल थोडी ढिली पडली, एखादा सांधा थोडा गंजला, तर ठिणगी थोडी नव्हे, फारच उतरते. किक मारतांना तर चाक मिनिटाला कांहींशेंच फेरे घेत असतें, त्यामुळें तेथें दाब आधींच बेताचा. किकनें मुळींच सुरू न होणारी गाडी उतारावर ढकलतांच सुरू होते, याचें इंगित बहुधा यांत असतें.

दौलताबादचा किल्ला मागें टाकून खुलताबादकडे निघालें कीं घाट लागतो. शहरांतल्या सपाट रस्त्यावर सुतासारखी चालणारी गाडी तेथें दोघांना घेऊन चढतांना ठेचकाळूं लागते, मधेंच श्वास सोडल्यासारखी करते, आणि घाटमाथ्यावर पुन्हां शहाणी होते. घरीं आणून प्लग काढून इंजिनाला टेकवून पाहावा, तर निळी, छानदार ठिणगी! मग मालक कार्बोरेटरच्या मागें लागतो. येथें फसवणूक होते ती हवेच्या दाबामुळें. प्लग मोकळ्या हवेंत असतांना त्याची फट ओलांडावयास दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. पण चढावर मूठ पूर्ण पिळली असतां सिलिंडरमध्यें मिश्रण ठासून भरतें, दट्ट्या तें आवळतो, आणि त्या दाटींत तीच फट ओलांडावयास दहा हजार व्होल्ट किंवा त्याहूनहि अधिक लागतात. ज्या कॉइलमध्यें आठ हजारांचीच ऐपत उरली आहे, ती उघड्यावर फुशारकी मारते आणि घाटांत हात टेकते. तेव्हां उघड्या प्लगवर ठिणगी दिसली, एवढ्यावरून ‘ठिणगी उत्तम’ असा निर्वाळा देणें चुकीचें आहे.

खरी परीक्षा घ्यावयाची तर उघड्या हवेंतली फट मोठी केली पाहिजे. सुमारें सहा मिलिमीटरची फट ठिणगीनें किकच्या वेगावर न चुकतां ओलांडावी, असा दंडक कारखान्यांच्या दुरुस्ती-पुस्तकांत आढळतो. यासाठीं फट कमी-जास्त करतां येणारें एक साधें परीक्षायंत्र मिळतें. मात्र ‘बघूं किती लांब उडते’ म्हणून फट वाढवीत नेऊं नये, आणि तार नुसती लोंबती ठेवून किक तर कधींच मारूं नये. बाहेर जाण्यास वाट न मिळालेला दाब कॉइलच्या आंतल्या वेष्टणांतून वाट फोडतो, आणि मग खरोखरच नवी कॉइल आणावी लागते.

ठिणगीच्या रंगावरूनहि लोक घाईनें मत बनवितात. पिवळट, तांबूस ठिणगी बहुधा दुबळी, हें खरें. पण पॉइंटच्या गाडीची सवय असलेल्या माणसाला सी.डी.आय.ची ठिणगी बारीकच वाटते. घागर एकदम पालथी होत असल्यामुळें तिचा कारभार सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो. पॉइंटची ठिणगी त्याच्या कितीतरी पट वेळ रेंगाळते आणि म्हणून जाड दिसते. बारीक म्हणजे दुबळी, असें समजूं नये.

प्रत्यक्ष कामाला हात घालण्यापूर्वीं सावधगिरीचे दोन शब्द. प्लग काढला म्हणजे सिलिंडरच्या भोंकांतून पेट्रोलची वाफ येत असते. ठिणगीची परीक्षा त्या भोंकापासून दूर घ्यावी, पेट्रोलचा नळ बंद ठेवावा, आणि काम बंद खोलींत करूं नये. तार हातांत धरून ‘झटका लागतो कां’ पाहणें हा कांहीं गॅरेजांतला पुरुषार्थ आहे. त्याच्या वाटेला सुज्ञानें जाऊं नये. ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसविलेला आहे त्यांनीं तर या कामापासून दूरच राहावें.

आणखी एक. दोष ठिणगीचाच आहे याची आधीं खात्री करावी. पुष्कळ किका मारून प्लग काढला आणि तो कोरडा ठणठणीत निघाला, तर पेट्रोलच पोंचत नाहीं. ठिणगीला बोल लावण्यांत अर्थ नाहीं. प्लग पेट्रोलनें भिजलेला निघाला, तर मात्र ठिणगीकडे वळावें.

शोधाची दिशा प्लगपासून मागें मॅग्नेटकडे, आणि स्वस्त वस्तूकडून महाग वस्तूकडे असावी. प्लग नवा, त्या गाडीला सांगितलेल्याच क्रमांकाचा आणि खात्रीच्या दुकानांतून घेतलेला हवा. बाजारांत नकली प्लग पुष्कळ. फट गाडीच्या पुस्तकांत दिली असेल तीच ठेवावी. तेल व काजळी यांनीं माखलेल्या प्लगमध्यें दाब फट ओलांडण्याऐवजीं काजळीच्या वाटेनें निमूटपणें गळून जातो. घागर भरलेली, पण वाटेंतच पाणी जिरलेलें. त्यानंतर प्लगवरची टोपी. हिच्याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें, आणि माझ्या समजुतीनें दुबळ्या ठिणगीचें सर्वांत उपेक्षित कारण हेंच. रेडिओंत खरखर होऊं नये म्हणून पुष्कळ टोप्यांत साधारण पांच हजार ओह्मचा एक रोध बसविलेला असतो. वर्षानुवर्षें उष्णता आणि पावसाचें पाणी खाऊन तो कुजतो आणि त्याचा रोध लाखाच्या घरांत जातो. टोपी उलट्या दिशेनें पिळून तारेवरून काढावी व मीटर लावून पाहावी. तारेचें टोंक हिरवट, काळपट झालें असेल तर पांच-सहा मिलिमीटर कापून ताज्या तांब्यावर टोपी पुन्हां पिळून बसवावी. ही तार रात्रीं अंधारांत अवश्य पाहावी. दिवा मालवून दुसऱ्यास किक मारावयास सांगावी. वेष्टणाला चीर असेल तर निळसर किडा वळवळावा तशी वीज तारेवरून इंजिनावर उतरतांना दिसते. दिवसा हेंच दहा वेळां पाहिलें तरी दिसत नाहीं.

आतां अर्थिंग. ठिणगी प्लगमधून इंजिनांत उतरते, पण तिला परत कॉइलकडे यावयाचें असतें, आणि ती वाट इंजिन, सांगाडा आणि कॉइलचे बोल्ट यांतून जाते. जाण्याच्या वाटेची सर्वजण काळजी घेतात, येण्याची कोणी पाहत नाहीं. आमच्या आळींतल्या एका गृहस्थांनीं वडिलांची टू-स्ट्रोक गाडी हौसेनें नवीकोरी करून घेतली. सांगाड्याला पावडर कोटिंगचा जाड, गुळगुळीत, चकचकीत रंग दिला; टाकीवर सोनेरी रेघा ओढल्या. गाडी इतकी देखणी झाली कीं वडिलांचे डोळे भरून आले. मात्र ती सुरू होईना! कारागिरानें एक डबी बदलली, मग दुसरी. ठिणगी पडे, पण मलूल. गृहस्थ गाडी विकण्याच्या गोष्टी बोलूं लागले, तेव्हां वडिलांनीं मला बोलावणें धाडलें. मीटरची एक सुई इंजिनाच्या पंख्याला आणि दुसरी कॉइलच्या लोखंडी गाभ्याला लावून पाहिली. जेथें अर्धा ओह्महि असूं नये, तेथें कांटा भलतीकडेच! रंगानें सांगाडा, इंजिन आणि कॉइल यांना एकमेकांपासून विजेच्या दृष्टीनें तोडून टाकलें होतें. बोल्टांखालचा रंग खरवडून धातु उघडा केला, इंजिनापासून कॉइलपर्यंत एक स्वतंत्र तार आवळली, आणि जुनीच डबी पुन्हां बसविली. तिसऱ्या किकेला गाडी बोलली. वडील ऐंशीच्या पुढचे. ते त्या दिवशीं मागें बसून क्रांति चौकापर्यंत जाऊन आले. जुन्या गाडीला नवा रंग दिल्यानंतर ठिणगी गेली असेल, तर दुसरें कांहीं पाहण्यापूर्वीं हें पाहावें.

गाडी बंद करण्याच्या कळीचा न्यायहि समजून घेण्यासारखा आहे. घरांतल्या दिव्याचें बटण मिटलें कीं दिवा लागतो. येथें उलट आहे: या गाड्यांत चावी किंवा बटण ‘बंद’ केलें कीं सोर्स कॉइलची वीज सरळ इंजिनाच्या धातूंत सोडून दिली जाते, आणि घागर भरतच नाहीं. आतां ही कळ ओल, धूळ व गंज यांनीं अर्धवट मिटलेली राहिली तर? घागरीला तळाशीं भोंक पडल्यासारखें होतें; भरते, पण अर्धी. पावसांत किंवा गाडी धुतल्यावर ठिणगी दुबळी होत असेल तर पहिला संशय येथें घ्यावा. परीक्षा सोपी आहे. डबीकडून कळीकडे जाणारी तार, जपानी बांधणीच्या गाड्यांत बहुधा काळ्यावर पांढऱ्या रेघेची, सांध्यापाशीं सोडवून ठेवावी आणि ठिणगी पाहावी. ठिणगी तेजस्वी झाली तर दोष कळींत किंवा तिच्या तारेंत. पण लक्षांत असूं द्या, कीं तार सोडविलेली असतांना गाडी चावीनें बंद होणार नाहीं. ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा म्हणजे ती बंद पडते. हें ठाऊक नसल्यामुळें भर रस्त्यांत तारांबळ उडालेली मीं पाहिली आहे.

सांधे उघडून, घासून, पुन्हां घट्ट बसविणें हें तर ओघानेंच आलें. शेडमध्यें पडून राहिलेल्या गाडीच्या तारा उंदरांनीं कुरतडलेल्या असतात, त्याहि पाहाव्या.

येथवर खर्च झाला तो एका प्लगचा आणि फार तर एका टोपीचा. यानंतर मीटर नीट हातांत घ्यावें. इग्निशन कॉइलच्या पहिल्या वेटोळ्याचा रोध अगदीं थोडा, ओह्मच्या आसपास, आणि दुसऱ्याचा कांहीं हजार ओह्म असतो. नेमके आंकडे गाडीच्या पुस्तकांतच पाहावे, कारण ते प्रत्येक गाडीचे निराळे. मात्र एक मर्यादा ओळखावी. मीटर दोनचार व्होल्टवर परीक्षा घेतें. वीस हजार व्होल्टला वेष्टण फुटतें कीं नाहीं, हें त्याला कसें कळणार? म्हणून मीटरनें कॉइल नापास ठरविली तर ती नापासच. पण पास ठरविली तर तो निकाल कच्चा समजावा.

सोर्स कॉइलचा रोध साधारणतः शेंकड्यांत मोजला जातो. कांहीं गाड्यांत हिचे दोन भाग असतात, एक संथ गतीसाठीं, जास्त वेढ्यांचा आणि केसासारख्या बारीक तारेचा, दुसरा वेगासाठीं. पहिला बिघडला तर गाडी किकनें सुरू होत नाहीं, पण ढकलली तर चालते. दुसरा बिघडला तर सुरू चटकन होते आणि वेग वाढवितांच अडखळते. लक्षणें ऐकूनच निम्मा रोग कळतो.

या कॉइलचा खरा खोडकरपणा उन्हाळ्यांत दिसतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्यें पारा चाळिशीच्या वर जातो, आणि मॅग्नेटच्या झांकणाच्या आंत इंजिनाची धग निराळीच. गाडी घरून निघते, वाळूजच्या रस्त्याला आठ-दहा किलोमीटर बिनबोभाट जाते आणि एकाएकीं बंद पडते. अर्धा तास झाडाखालीं उभी केली कीं पुन्हां सुरू! तारेवरचें जुनें वार्निश उष्णतेनें सैलावतें, तार फुगते, तुटका सांधा दूर होतो. थंड झाली कीं पुन्हां जवळ येतो. अशी कॉइल सकाळीं थंडपणीं मोजली तर हटकून बरोबर भरते. ती बंद पडल्याच्या क्षणींच मोजली पाहिजे, नाहीं तर झांकण काढून केस वाळविण्याच्या यंत्रानें गरम करीत मीटरचा आंकडा पाहत बसावें. आंकडा एकदम उडाला कीं चोर सांपडला. कॉइल नव्यानें गुंडाळून देणारे कुशल कारागीर असतात. मूळ वेढे आणि तारेची जाडी तीच ठेवली तर तें काम नव्या कॉइलइतकेंच टिकतें, आणि जुन्या गाडीचा सुटा भाग मिळत नसला म्हणजे तोच मार्ग उरतो.

पल्सर कॉइलपाशीं लोखंडाचा कीस चिकटला नाहीं ना, आणि चाकापासूनची तिची फट पुस्तकाप्रमाणें आहे ना, एवढें पाहावें. चाक काढावयाचें तर पुलरनेंच काढावें. हातोड्याचे घाव घातले तर चुंबक तडकतात, निसटतात, आणि चाकहि वांकतें. चाक काढलेंच आहे तर त्याला धुऱ्यावर नेमकें बसविणारी अर्धचंद्राकार लहानशी लोखंडी चावी निरखून पाहावी. ती अर्धवट कातरली गेली असेल तर ठिणगी जोरकस असूनहि भलत्या वेळीं पडते. गाडी किकला उलटा लाथ मारते, धापा टाकते, आणि बाहेरून पाहणारा पुन्हां ‘करंट कमी’ असेंच म्हणतो.

उरली ती काळी डबी. तिच्यांत राळ ओतलेली असते. तिच्या खुंट्यांना साधें मीटर लावून ती चांगली कीं वाईट हें खात्रीनें सांगतां येत नाहीं. तिची परीक्षा अदलाबदलीनेंच होते, आणि तीहि एका विशिष्ट दिशेनें करावी. दुसऱ्याची चांगली डबी आपल्या आजारी गाडीला लावूं नये. आपल्या गाडींतला दोष तिलाहि मारूं शकतो. आपली संशयित डबी त्याच जातीच्या, नीट चालणाऱ्या गाडीला लावावी आणि अर्धा तास, गरम होईपर्यंत, फिरवून आणावी. नवी डबी घेण्याची वेळ आलीच, तर आणखी एक खांचखळगा आहे. आतांपर्यंत वर्णिलेली डबी मॅग्नेटच्या विजेवर चालते. दुसरी एक जात बॅटरीच्या विजेवर चालते, आणि अशा गाड्यांत बॅटरी उतरली कीं ठिणगीहि उतरते. दोन्ही डब्या आकारानें सारख्या, कधीं कधीं खुंट्याहि सारख्याच. दुकानदाराला गाडीचें नांव, साल आणि जुन्या डबीवरचा क्रमांक सांगितल्यावांचून घेऊं नये.

जुनी डबी लगेच फेंकूं नका. तिच्यावर तारीख आणि बिघाडाचें लक्षण लिहून चिठ्ठी चिकटवा, व शेजारपाजारीं त्याच जातीची गाडी कोणाची आहे याची चौकशी ठेवा. त्या गाडीला लावून पाहिली असतां बऱ्याच वेळां ती तेथें बिनतक्रार चालते.